रोज खिशात ठेवायला जुन्या घडणीचा चाकू : कोणता घ्यावा?

वहीबांधणी

नमस्कार मंडळी,

बाबा जहाजावर इंजिन विभागात होते. त्यांच्या खिशात कायम एक घडीचा चाकू असे. तीन पात्यांचा, तपकिरी खरबरीत मुठीचा. ते गेल्यावर तो माझ्याकडे आला. मी हाताने वह्या-पुस्तके बांधते, त्यामुळे गेली दोन वर्षे तोच रोज हाताशी होता. आता मात्र त्याचे मोठे पाते उघडल्यावर डावी-उजवीकडे हलते, मिटताना पूर्वीसारखा 'टक्' आवाज येत नाही, आणि धार लावून लावून पाते इतके झिजले आहे की मिटल्यावर टोक मुठीच्या वर डोकावते. परवा त्या टोकाने खिशाचे अस्तर फाडले.

तो जपून ठेवायचा आणि रोजच्यासाठी नवीन घ्यायचा असे ठरवले आहे. माझी अडचण अशी, की खळीत हात असतो म्हणून नखे अगदी बारीक कापते, आणि घट्ट स्प्रिंगचा चाकू मला उघडत नाही. खिसाही उथळ आहे. दिसायला तो जुन्या घडणीचाच हवा : लाकूड, हाड, पितळ. एका हाताने फटकन उघडणारे, खिशाला क्लिपने लटकवायचे काळे चाकू मला नकोत. कृपया त्यांची शिफारस करू नका.

पाते एक असावे की तीन? साधे पोलाद की स्टेनलेस? लॉक हवाच का? वाचावे तितका गोंधळ वाढतो आहे.

निवांत

ओपिनेल ७ किंवा ८ क्रमांकाचा घ्या आणि कामाला लागा. फ्रान्सच्या साव्हुआ भागात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये तो पहिल्यांदा घडवला. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची गोल मूठ, एक पाते, एक खिळा आणि एक कडे, एवढाच त्याचा संसार. १९५५ पासून त्यावर फिरवायचे कडे आले. ते फिरवले की उघडलेले पाते बोटांवर मिटत नाही. पाठीला स्प्रिंग नाही म्हणून नखाला जोर पडत नाही. ८ क्रमांकाचे पाते साडेआठ सेंटिमीटर, आणि वजन खिशात जाणवतही नाही. मी चौदा वर्षे वापरतो आहे. एकदा मूठ तडकली तेवढीच, ती मी चिकटवून घेतली.

सुतारपक्षी

ताई, कोणता चाकू घ्यायचा हे आज ठरवू नका. आधी एक आठवडा टिपण ठेवा. चाकू बाहेर काढला की लिहायचे : काय कापले, कशावर ठेवून कापले, हातात धरून कापले का. मी लाकूडकाम शिकवतो आणि नव्या मुलांना हत्यार घ्यायच्या आधी हेच करायला लावतो. आपण काय कापतो याची आपली कल्पना आणि प्रत्यक्षात कापलेले यांत फार अंतर असते.

दुसरे, बाबांच्या चाकूची तिन्ही पाती नीट बघून इथे लिहा. कुठले किती झिजले आहे? आणि मोठ्या पात्याच्या बुंध्याशी, बिजागरीच्या जवळ, काही आकडे किंवा खुणा कोरल्या आहेत का? भिंग लावून बघा.

निवांत यांच्या सल्ल्यात चूक काही नाही, ओपिनेल चांगलाच चाकू आहे. पण त्याचे पाते पोटाला गोलाई असलेले, टोकाकडे वर उचललेले आहे. ते सगळ्यांच्या कामाचे असतेच असे नाही.

अर्धविराम

लॉकबद्दल थोडे. जुन्या घडणीच्या बहुतेक चाकूंना लॉक नसतो. पाठीची पोलादी पट्टी पात्याच्या बुंध्यावर दाबून बसते, आणि त्या दाबानेच पाते उघडे राहते. कितीतरी देशांत कायदाही अशा चाकूकडे सौम्यपणे बघतो. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यानुसार, मिटणारा, लॉक नसलेला आणि ३ इंचांपर्यंत धारेचा चाकू कारण न देता जवळ बाळगता येतो. लॉक असला की ती सवलत जाते. जर्मनीत एका हाताने उघडून लॉक होणारा चाकू योग्य कारणाशिवाय घेऊन फिरता येत नाही. तेव्हा आपल्या राहत्या जागचा नियम आधी वाचा. आणि विमानप्रवासात चाकू केबिनच्या पिशवीत चुकूनही राहू देऊ नका, तो सामानात द्यायच्या बॅगेतच हवा.

लॉक नाही म्हणजे एक शिस्त आपोआप येते. टोक खुपसायचे नाही, पात्याने काही उचकटायचे नाही, जोर नेहमी धारेच्या दिशेनेच द्यायचा. तेवढे पाळले की लॉकची उणीव भासत नाही.

वहीबांधणी

सुतारपक्षी, तुम्ही सांगितल्याप्रमाणे सात दिवस टिपण ठेवले. एकूण ४३ वेळा चाकू काढला. १९ वेळा जुजबंदीचा, म्हणजे पाने शिवायचा, मेणवलेला दोरा, ९ वेळा पार्सलची चिकटपट्टी, ६ वेळा कागदाची घडी फाडणे, ४ वेळा पेन्सिल, ३ वेळा चामड्याची कडा, २ वेळा सफरचंद. म्हणजे बहुतेक काम टेबलावर, पाते सपाट टेकवून. टोकाची गरज पडली ती फक्त पार्सलला, आणि तिथे टोकाने आतले पुस्तक कापले जाईल की काय ही धास्तीच जास्त. मला वाटायचे की मी चाकू मुख्यतः चामड्यासाठी वापरते!

बाबांचा चाकू भिंगातून पाहिला. मोठे, टोकदार पाते पानासारखे अरुंद झाले आहे. दुसऱ्या पात्याची धार सरळ आहे आणि पाठ टोकाशी खाली वळते. तेही बरेच झिजले आहे. तिसरे, बोथट टोकाचे रुंद पाते जवळजवळ नवे आहे. मोठ्या पात्याच्या बुंध्यावर एका बाजूला 'केस डबल एक्स, यूएसए' आणि त्याखाली ठिपके आहेत. मी तीन वेळा मोजले, सात. उलट बाजूला ६३१८.

जुनेपुराणे

ताई, हे वाचून फार आनंद झाला. ठिपके अक्षरांपेक्षा जास्त बोलतात, सांगतो.

हा अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डच्या 'केस' कंपनीचा चाकू. आकड्यातला पहिला ६ म्हणजे मूठ कोरलेल्या हाडाची, ३ म्हणजे पाती तीन, आणि १८ हा साच्याचा क्रमांक. हा साचा मधल्या आकाराच्या 'स्टॉकमन'चा, मिटल्यावर साधारण ९ सेंटिमीटर. आता ठिपके. १९७० मध्ये कंपनीने नावाखाली दहा ठिपके द्यायला सुरुवात केली आणि दरवर्षी एक कमी केला. सात ठिपके म्हणजे १९७३. १९८० मध्ये पुन्हा दहापासून मोजणी सुरू झाली, पण तेव्हा नावातला 'एस' विजेच्या रेघेसारखा वाकडा आहे आणि ठिपके नाव आणि देश यांच्या मध्ये आहेत. तुमचे ठिपके सगळ्यात खाली आहेत, म्हणजे १९७३ चाच.

मूठ खरोखर हाडाची आहे का, तेही बघता येईल. त्या काळात हाडासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्याही मुठी निघत. उजेडात तिरपी धरून भिंगातून बघा. हाडात बारीक काळसर ठिपके आणि तुटक रेघा दिसतात, जिवंतपणी रक्तवाहिन्या जिथून जात त्या नळ्यांच्या त्या खुणा. प्लास्टिक सगळीकडे सारखे गुळगुळीत दिसते. तापलेली सुई लावून बघा असे कुणी सांगेल, तसे मुळीच करू नका.

वहीबांधणी

दिसल्या! केसाएवढ्या काळ्या रेघा, मुठीच्या लांबीच्या दिशेने. इतकी वर्षे तो मळ समजून मी घासत होते.

१९७३ साली बाबा नुकतेच बोटीवर लागले होते. पहिल्या काही फेऱ्यांतच घेतला असणार.

सुतारपक्षी

आता बाबांच्या पात्यांकडे पुन्हा बघा, ताई. स्टॉकमन हा गुरे राखणाऱ्यांचा चाकू. टोकदार क्लिप पाते सगळ्या कामांना. बोथट टोकाचे 'स्पे' पाते जनावरे खच्ची करायला, टोक चुकून भलतीकडे रुतू नये म्हणून तसे घडवलेले. जहाजाच्या इंजिनखोलीत त्याला काय काम? म्हणून ते नवे राहिले. आणि सरळ धारेचे पाते म्हणजे शीपफूट. दर्यावर्दी लोकांच्या चाकूंना हेच पाते पिढ्यान् पिढ्या आहे, कारण हेलकावणाऱ्या जहाजावर दोर कापताना अणकुचीदार टोक स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या अंगात जायची भीती. सरळ धार पूर्ण लांबीने दोरावर बसते आणि दोर निसटत नाही.

तुमचे टिपण वाचले तर तुमचे कामही तेच आहे : दोरा, कागद, चिकटपट्टी, आणि खाली टेबल. गोल पोटाचे पाते सपाट टेबलावर एकाच बिंदूत टेकते, शीपफूट सगळे टेकते. तुम्हाला एकाच पात्याचा, शीपफूटचा चाकू पुरेल. दुसरे पाते हवेच असेल तर छोटे पेन पाते. तिसरे नको. जितकी पाती जास्त तितकी मूठ जाड, आणि तुमचा खिसा उथळ.

एक गोष्ट आवर्जून बघा, पात्याची जाडी धारेच्या मागे किती आहे. चाकू दिसायला कितीही देखणा असो, पाते पाचरीसारखे जाड असेल तर सफरचंद कापले जात नाही, तडकते. 'कर्र' असा आवाज येऊन अर्ध्यातून फुटते. पातळ पाते आवाज न करता आरपार जाते. बाकी सगळ्या गुणांच्या आधी मी हा बघतो. ओपिनेलची कीर्ती याच पातळपणावर आहे, आणि निवांत चौदा वर्षे त्याच्यावर खूश आहेत त्याचे कारणही तेच.

ठिणगी

स्टेनलेसचा विचारही करू नका. साध्या कार्बन पोलादाची मजा वेगळीच. १०९५ म्हणून जे पोलाद आहे त्यात कार्बन साधारण ०.९५ टक्के. त्याला दगडावर दहा-बारा हात मारले की वस्तऱ्यासारखी धार येते. वापरता वापरता पात्यावर निळसर राखाडी छटा चढते, प्रत्येकाच्या कामाप्रमाणे वेगळी. माझ्या पात्यावर फळांच्या आंबट रसाने उमटलेले ढग आहेत, ते दुसऱ्या कुणाच्या पात्यावर सापडणार नाहीत. आणि ती छटा चढली की लाल गंजाला पात्यात शिरायला जागा कमी मिळते. काम झाले की कोरडे पुसायचे, आठवड्यातून एकदा खनिज तेलाचा थेंब. एवढे तर आपण कुठल्याही हत्यारासाठी करतोच.

पाणकणीस

ठिणगी, तुमचे प्रेम समजते, पण मी रोपवाटिकेत काम करतो. हात दिवसभर ओले. कार्बनचा सुंदर चाकू मी एका पावसाळ्यात घालवला. पाते नव्हे, पाते घासून निघाले असते. गंज आत धरला, बिजागरीच्या खिळ्याशी, जिथे फडके पोचत नाही. पाते वाळूत फिरवल्यासारखे कुरकुरायला लागले आणि एक दिवस उघडेचना.

स्टेनलेस म्हणजे हलके पोलाद हा समज जुना आहे. क्रोमियम साडेदहा टक्क्यांच्या वर गेले की पोलाद गंजाला दाद देईनासे होते. स्टेनलेस पात्यांत वापरतात त्या १२सी२७ पोलादात क्रोमियम साडेतेरा टक्क्यांच्या आसपास आणि कार्बन ०.६ टक्के. धार उत्तम घेते. मी तर व्हिक्टोरिनॉक्सचा ॲल्युमिनियमच्या मुठीचा ९३ मिलिमीटरचा चाकू घेतला आणि सुखी झालो. लाकूड नाही, हाड नाही, पण कार्ल एल्सेनरने १८९१ मध्ये स्विस सैन्याला आपले पहिले चाकू दिले तेव्हापासूनची ती परंपरा आहे. मी त्याला जुन्या घडणीचाच मानतो. नळाखाली धुतो, झटकतो, खिशात टाकतो.

निवांत

ओल्या हातांवरून आठवले, ओपिनेलची एक खोड सांगायची राहिली. लाकूड पाणी पिऊन फुगते आणि पाते मुठीत आवळले जाते. मग नखाने ओढून उपयोग नाही. मुठीचे मागचे टोक टेबलावर हलकेच आपटायचे, पाते स्वतःच थोडे बाहेर येते. साव्हुआचे लोक हे असेच करतात, त्याला त्यांच्या प्रांताचेच नाव आहे. पण वहीबांधणीताईंच्या हाताला खळ असते हे मी आधी लक्षात घ्यायला हवे होते. खळीचे पाणी त्या सांध्यात रोज जाईल. माझी शिफारस मी मागे घेतो.

वहीबांधणी

ठिणगी आणि पाणकणीस, तुम्हा दोघांचे वाचून एक जुनी गोष्ट उलगडली. मागच्या वर्षी एका जाड ग्रंथाचे चामडी पुठ्ठे करत होते. झाडाच्या सालीने कमावलेले, फिक्या रंगाचे चामडे, मऊ करायला ओले केलेले. कडा तासताना बाबांचा चाकू दोन मिनिटे त्यावर तसाच राहिला. उचलला तर खाली पात्याच्या आकाराचा काळा-निळा डाग. शाई सांडावी तसा. पुसला, घासला, गेला नाही. ते चामडे टाकून द्यावे लागले. मला वाटले पाते घाण होते.

जुनेपुराणे

पाते स्वच्छच असणार. सालीतले टॅनिन आणि पोलादातले लोह पाण्यात भेटले की काळा रंग तयार होतो. जुनी लोहाची शाई याच क्रियेने बनत असे. तुम्ही नकळत चामड्यावर शाई केलीत.

ठिणगी

हे मला माहीत नव्हते. मग तुमच्या कामासाठी स्टेनलेसच, ताई. ओल्या चामड्याजवळ कार्बनचे पाते ठेवा असे मी म्हणणार नाही.

घड्याळजी

उशिरा येतो आहे, पण स्प्रिंगवर कुणी लिहिले नाही म्हणून लिहितो. मी घड्याळे दुरुस्त करतो आणि चाकूच्या बिजागरीकडे त्याच नजरेने बघतो.

चाकू हातात आला की आधी मिटलेला उजेडासमोर धरायचा. पाठीची स्प्रिंग आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या पितळी पट्ट्या यांच्या मधून उजेडाची रेघ दिसली तर जुळणी सैल आहे. मग सावकाश उघडायचा. चांगल्या चाकूत तीन गोष्टी हाताला कळतात. सुरुवातीला स्प्रिंग जोर करते, मध्ये पाते सुटे होऊन सरकते, आणि शेवटी स्प्रिंग पात्याला स्वतः ओढून घेते आणि 'टक्' असा आवाज करते. जाणकार याला 'वॉक अँड टॉक' म्हणतात. काही चाकूंत पाते काटकोनात येऊन क्षणभर थांबते. तो मधला थांबा मुद्दाम दिलेला असतो. मिटताना बोटे बाजूला घ्यायला तो वेळ देतो. पण ज्यांच्या नखाला जोर नाही त्यांना तोच थांबा दुसऱ्यांदा ओढायला लावतो. ताई, तुम्ही मधला थांबा नसलेला बघा.

उघडल्यावर पाते दोन बोटांत धरून बाजूला हलवायचे, हलता कामा नये. उघडलेल्या चाकूची पाठ आणि पात्याची पाठ एका पातळीत आहे का, हे अंगठा फिरवून कळते. शेवटी मिटताना पाते हातातून सोडू नका, बोटांत धरून हळू मिटवा आणि धार आत स्प्रिंगला टेकते का ते पाहा. काही चाकूंत पाते जोरात मिटू दिले की धारेचा मधला भाग आतल्या पोलादावर आपटतो आणि तिथे बारीक चपटा डाग पडतो. फ्रान्सच्या लाग्योल पद्धतीच्या चाकूंत हे हमखास होते, म्हणून ते वापरणारे पाते कधी सोडून मिटवत नाहीत.

स्प्रिंगचा जोर लोक एक ते दहा असा सांगतात. चारच्या आसपासचा मागा. सात-आठचा जोर शेल्फवर ठेवायच्या चाकूला शोभतो. आठवड्याला चाळीस वेळा उघडणाऱ्याचे नख त्याने फाटेल.

आणि नखाच्या खाचेवर अवलंबून राहूच नका. काही चाकूंच्या मुठीला पात्याच्या बाजूने अर्धचंद्रासारखी कोर काढलेली असते. तिथे पाते चिमटीत धरता येते. शीपफूट पाते मुळातच उंच असते, ते मुठीच्या वर भरपूर दिसते, त्यामुळे चिमटीत छान येते. बारीक नखांवर हा खात्रीचा उपाय आहे.

आणखी एक. बाबांचा चाकू मेलेला नाही असा माझा अंदाज आहे. तो आवाज कचऱ्याने गेला असेल. खिशातले धागे आणि जुने तेल मिळून बिजागरीत डिंकासारखे घट्ट होते. पाती अर्धी उघडा, पातळ खनिज तेलाचे दोन थेंब सांध्यात सोडा, रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी पाती वीसेक वेळा उघड-मीट करा आणि बाहेर येणारे काळे तेल पुसत राहा. लाकडी काडीने आतली खाच साफ करा. तेल स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा. चाकू पाण्यात बुडवू नका, हाड फुगते आणि वाळताना तडकते. मोठ्या पात्याचे हलणे मात्र खिळ्याचे आहे. ते ठोकून घट्ट करायचे काम हाड सांभाळून करणाऱ्याकडेच द्या. तुम्ही हातोडी घेऊ नका.

जुनेपुराणे

तो चाकू ठेवताना एक काळजी घ्या. जुन्या सेल्युलॉइडच्या मुठीच्या चाकूंबरोबर एका डब्यात ठेवू नका. सेल्युलॉइड म्हातारे झाले की कुजते आणि त्यातून आम्लाची वाफ सुटते. माझ्याकडे अकरा चाकू एका झाकणाच्या डब्यात होते. त्यांतल्या एकाची मोत्यासारखी चमकणारी मूठ सेल्युलॉइडची निघाली. दोन वर्षांनी डबा उघडला तेव्हा त्या मुठीवर भुकटी होती, आणि शेजारच्या चार चाकूंची पाती, ज्यांना मी हातही लावला नव्हता, लाल झाली होती. त्यांतला एक माझ्या थोरल्या भावाचा होता.

चामड्याच्या म्यानातही कायमचा ठेवू नका, चामडे ओल धरते. सुती फडके आणि लाकडी खण, बस्स.

वहीबांधणी

तीन आठवडे झाले, म्हणून कळवते.

ओळखीच्या दोघांकडून चार चाकू हाताळायला मिळाले. एक तर मला उघडलाच नाही. एक उघडला, पण इतका जड की खिसा लोंबायला लागला. तिसरा दिसायला सर्वांत सुंदर होता, खोदीव हाडाचा, पण सफरचंद त्याने फोडले, कापले नाही. सुतारपक्षी, तो 'कर्र' आवाज ऐकला आणि तुमची आठवण झाली. चौथ्यासारखाच घेतला. एकच शीपफूट पाते, स्टेनलेस, साधारण सात सेंटिमीटर, मूठ काळ्या लाकडाची, पितळी अस्तर, मुठीला ती अर्धचंद्राची कोर. चिमटीत धरून उघडते. मधला थांबा नाही. दोऱ्यावर ठेवते, दाबते, दोरा तुटलेला असतो. पहिल्या दिवशी दोनदा टेबलालाच खाच पाडली, कारण इतक्या कमी जोराची सवय नव्हती. आता खाली पुठ्ठ्याचा तुकडा ठेवते.

घड्याळजी, बाबांच्या चाकूला तेल घातले. पहिल्या दिवशी जे बाहेर आले ते काळे आणि दाट, त्यात निळ्या कापडाचे धागे. बाबांचे कामाचे कपडे निळे असत. चौथ्या दिवशी तेल स्वच्छ आले. मोठे पाते अजून हलते आहे, पण शीपफूट पाते मिटवले आणि 'टक्' झाले. आई आतल्या खोलीत होती. ती बाहेर येऊन दारात उभी राहिली.

एक प्रश्न उरला आहे. नव्या पात्याची धार तीन आठवड्यांतच उतरली असे वाटते. दोरा तुटतो, पण कागदाला केस निघतात. पोलाद खराब असेल का?

सुतारपक्षी

पोलाद चांगले असेल. कागद हा धारेचा मोठा शत्रू आहे. त्यात खडू आणि चिकणमातीसारखे खनिज भरलेले असते, गुळगुळीत कागदात तर जास्तच, आणि पुठ्ठा त्याहून वाईट. तो खाली ठेवलेला पुठ्ठ्याचा तुकडा आधी काढा, त्याऐवजी कापायची रबरी चटई वापरा.

शीपफूटला धार लावणे सगळ्यात सोपे, सरळ रेघ आहे. हजार नंबरचा दगड ओला करा. पाते दगडावर आडवे ठेवा, मग पाठ उचला, पाठीखाली दोन नाणी एकावर एक बसतील इतकीच. तो कोन हाताला बसला की सोडू नका. बुंध्यापासून टोकापर्यंत एकसारखे ओढा. थोड्या वेळाने धारेच्या दुसऱ्या बाजूवर बोट आडवे, पाठीकडून धारेकडे, हलकेच न्या. केसाएवढी खरखर लागेल. ती पूर्ण लांबीवर लागली की बाजू बदला. दोन्हीकडून झाले की जोर कमी करत करत ती खरखर घालवा.

आणि तुमच्याकडे चामड्याचे तुकडे पडलेलेच असणार. एक लांब पट्टी खरबरीत बाजू वर करून फळीला चिकटवा, त्यावर धातू घासायची हिरवी पेस्ट चोळा, आणि रोज काम संपल्यावर पाते त्यावर दहा वेळा उलटे ओढा, धार मागे आणि पाठ पुढे. न्हावी वस्तरा पट्ट्यावर फिरवतो तसे. असे केले तर दगड महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच लागेल. पट्टी चिकटवायला खळ चालेल, पण फळी वाळू द्या पूर्ण दिवसभर.

वहीबांधणी

पट्टी आत्ताच कापली. नव्या चाकूने. उद्या संध्याकाळपर्यंत वाळेल.